ओटीचा रिसर्च प्रोजेक्ट कसा करायचा: भाकरीपासून पोस्टरपर्यंत

दर वर्षी पावसाळा संपत आला की मला फोन यायला लागतात, "मॅडम, प्रोजेक्टला एखादा टॉपिक सांगा ना." मुंबई नाहीतर नागपूरच्या कॉलेजात शिकणारी पण घर नाशिकला असलेली मुलंमुली असतात, सुट्टीत घरी आलेली, इथंच डेटा गोळा करता आला तर बरं असं त्यांना वाटत असतं. मी फोनवर टॉपिक सांगत नाही. क्लिनिकला या म्हणते, दोन दिवस नुसते बसा, पेशंट बघा, मग बोलू. पण सगळ्यांना येणं जमतंच असं नाही म्हणून जे समोर बसवून सांगते ते एकदाचं इथं लिहून ठेवतेय. बीओटीएचच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीच्या, फायनल इयरचं प्रोजेक्ट असो की एमओटीएचचं, म्हणजे पदव्युत्तरचं, डिसर्टेशन, दोघांनाही उपयोगी पडेल.

ओटी म्हटलं की अजून बऱ्याच लोकांना ऑपरेशन थिएटरच आठवतं, त्यांच्यासाठी एवढंच सांगते की ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजारपण, अपघात, जन्मतः असलेली अडचण किंवा म्हातारपण यामुळे माणसाची जी रोजची कामं अडली असतील, आंघोळ, स्वयंपाक, शाळेतलं लिहिणं, शेतातलं काम, ती परत जमावीत म्हणून केलेले उपचार. आपल्याकडे याची सुरुवात मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात झाली, १९५० साली तिथं ओटीची पहिली शाळा निघाली, त्यामागे कमला निंबकर होत्या. जन्मानं अमेरिकन, लग्न करून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५२ ला ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशन उभी राहिली आणि त्याच वर्षी ओटीचं जागतिक फेडरेशन झालं, ज्या दहा देशांनी ते सुरू केलं त्यात भारत होता. हे मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण आपलं फील्ड छोटं आहे, आपल्याला कोण विचारतं असं म्हणणारी मुलं मला दर वर्षी भेटतात आणि ते ऐकून खरंच वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं.

प्रश्न पेशंटकडून आणा, मशीनकडून नको

सगळ्यात जास्त चूक इथं होते. मुलं डिपार्टमेंटमध्ये काय काय पडलंय ते बघतात, पकडीची ताकद मोजायचा डायनामोमीटर आहे, पेगबोर्ड आहे, मिरर बॉक्स आहे, आणि मग त्यावरून टॉपिक बनवतात, अमुक थेरपीचा ग्रिप स्ट्रेंग्थवर इफेक्ट. टॉपिक झाला, पण प्रश्न कुणाचा होता? कुणाचाच नाही.

एक उदाहरण सांगते. दिंडोरीकडच्या एक मावशी माझ्याकडे यायच्या, पडून मनगटाचं फ्रॅक्चर झालेलं, प्लास्टर काढल्यावर हात लाकडासारखा कडक झालेला. पहिल्या दिवशी पकड ६ किलो. दीड महिना पुट्टी (व्यायामासाठी दाबायचा मऊ गोळा), स्ट्रेचिंग, स्प्लिंट (हाताला आधाराची पट्टी) सगळं केलं, पकड १४ किलोवर आली. मी आकडा फाइलमध्ये लिहिला, मला छान वाटलं. सहज विचारलं, मावशी भाकरी जमते ना आता? तर म्हणाल्या, "कुठं ओ मॅडम, सूनच करती. मला नुसतं बसून ऱ्हावं लागतं." ते शेवटचं वाक्य त्या ज्या पद्धतीनं बोलल्या ते अजून कानात आहे.

दुसऱ्या दिवशी मी घरून परात आणि बाजरीचं पीठ आणलं आणि त्यांना थापायला सांगितलं. नीट बघितलं तेव्हा कळलं. पीठ मळताना तळव्याच्या मागच्या भागावर, मनगटाजवळ, पूर्ण वजन टाकावं लागतं आणि तेव्हा मनगट मागे वाकलेलं लागतं, त्यांचं तेवढं वाकतच नव्हतं. थापताना हात सपाट पडत नव्हता, बोटांच्या टोकांनी थापत होत्या म्हणून भाकरी एका बाजूला जाड राहत होती. आणि खरी अडचण तर थापून झाल्यावर, भाकरी उचलून तव्यावर टाकायला तळवा वर करावा लागतो, म्हणजे आपल्या भाषेत सुपिनेशन, ते अर्ध्यावरच अडत होतं, तिथं भाकरी मोडायची. यातलं एकही काम पकडीचं नाही. डायनामोमीटर जे विचारतो त्याचं उत्तर तो बरोबर देतो, आम्ही त्याला चुकीचं विचारत होतो.

या एका मावशींमधून तीन चांगले प्रश्न निघतात. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर किती बायका किती आठवड्यांत परत भाकरी करायला लागतात? ज्यांना जमत नाही त्यांचं नेमकं काय अडतं, मनगट, तळवा वर करणं, दुखणं की भीती? आणि नेहमीच्या व्यायामासोबत परातीवरच सराव दिला तर फरक पडतो का? तिन्ही प्रश्न बीओटीएचच्या मुलीला झेपतील असे आहेत आणि तिन्ही आपल्या मातीतले आहेत, परदेशातल्या पेपरमध्ये याचं उत्तर मिळणार नाही कारण तिथं कुणी भाकरी थापत नाही.

म्हणून पहिलं काम, वही घ्या. जागतिक फेडरेशनच्या नियमाप्रमाणे डिग्री होईपर्यंत कमीत कमी १००० तास क्लिनिकल फील्डवर्क व्हायलाच लागतं, ते तास नुसती सही घेण्यात घालवू नका. रोज एक ओळ लिहा, आज कुठला पेशंट काय करता येत नाही म्हणाला, त्याच्याच शब्दांत. तीन महिन्यांत त्या वहीत दहा टॉपिक सापडतील.

नाशिक जिल्ह्यात तर विषयांची कमी नाही. द्राक्षबागेतल्या बायका घ्या, मांडवाखाली दिवसभर हात डोक्याच्या वर, मान मागे, एका हातात छोटी कात्री, मणी विरळणी चाललेली, नाहीतर एकेक घड द्रावणात बुडवायचा. खांदा आणि मानेला हे काय करतं ते कुणी तरी नीट मोजायला हवं. येवल्याला पैठणीचे विणकर आहेत, तासन् तास एकाच बैठकीत, नजर खाली, बोटांचं बारीक काम. सिन्नरकडे विड्या वळणाऱ्या बायका. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत प्रेसमध्ये बोटं गेलेली पोरं, वय वर्षं बावीस-तेवीस, ती परत कामावर जातात का, गेली तर कुठल्या कामावर, हा एक प्रश्न मला कित्येक वर्षं सतावतोय. शाळेत अक्षर न जमणारी मुलं, डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या आया, पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेलेले आजोबा ज्यांना धोतर नेसायचंय आणि आपण त्यांना इलॅस्टिकची पँट घाला सांगतो. थांबते, यादी संपणार नाही.

एकच बघा, प्रश्नात चार गोष्टी स्पष्ट हव्यात, कोण लोक, काय देणार किंवा काय बघणार, कशाशी तुलना आणि काय मोजणार. ही चार उत्तरं एका वाक्यात बसली नाहीत तर टॉपिक अजून पिकला नाही.

मग आधी कुणी काय केलंय ते शोधा, पबमेडवर म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन यादीत, गुगल स्कॉलरवर आणि इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपीच्या जुन्या अंकांमध्ये. हे आपल्याच असोसिएशनचं जर्नल आहे, ऑनलाइन फुकट वाचता येतं, तरी मुलं ते सगळ्यात शेवटी उघडतात. पंधरा-वीस पेपर नीट वाचा, शंभर डाउनलोड करून ठेवू नका.

काय मोजणार आणि कशानं

प्रश्न भाकरीचा असेल तर मोजमापही भाकरीपर्यंत पोहोचणारं हवं. मी सहसा दोन प्रकारची मापं एकत्र ठेवायला सांगते, एक शरीराचं आणि एक कामाचं. शरीराचं म्हणजे पकड, सांध्याची हालचाल, दुखणं. कामाचं म्हणजे पेशंटला काय करता येतं.

कामाच्या मापात मला सीओपीएम फार आवडतं, कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर. पेशंट स्वतः आपल्या अडचणी सांगतो, त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या जास्तीत जास्त पाच निवडतो आणि प्रत्येकीला १ ते १० मध्ये दोन मार्क देतो, किती जमतंय आणि त्यावर मी किती समाधानी आहे. नंतर परत विचारायचं. साधारण २ मार्कांचा फरक पडला तर तो खरा फरक धरतात. मावशींना हे आधीच विचारलं असतं तर पहिली अडचण भाकरी निघाली असती आणि मी दीड महिना वाया घालवला नसता. हे टूल विकत घ्यावं लागतं हे लक्षात ठेवा, कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून घेऊन वापरू नका, पुढे पेपर छापताना अडकाल.

हातासाठी डॅश प्रश्नावली सगळे वापरतात, ३० प्रश्न, ० ते १०० स्कोअर, जितका जास्त तितका त्रास जास्त. चांगली आहे पण आत वाचून बघा. डोक्यावरचा बल्ब बदलणं, ब्रीफकेस उचलणं, गोल्फ-टेनिस खेळणं. पेठ-सुरगाण्याच्या मजूर बाईला हे विचारून काय हाती लागणार? आणि ३० पैकी कमीत कमी २७ प्रश्नांची उत्तरं आली नाहीत तर स्कोअर काढताच येत नाही, म्हणजे चार प्रश्न तिला लागूच झाले नाहीत की तो फॉर्म बाद. डॅशची मालकी टोरांटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थकडे आहे, त्यांच्या वेबसाइटवर कुठल्या भाषांमध्ये भाषांतर झालंय त्याची यादी असते, आधी तिथं बघा, स्वतः घाईघाईत मराठी करू नका.

आणि एखाद्या टूलचं मराठी भाषांतर झालेलंच नसेल तर तेच तुमचं प्रोजेक्ट होऊ शकतं, हे फार कमी मुलांच्या डोक्यात येतं. त्याची ठरलेली पद्धत आहे, बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली. परवानगी घ्यायची, दोन जणांनी वेगवेगळं मराठी करायचं, एक विषय माहीत असलेला आणि एक बाहेरचा, दोन्ही जुळवून एक मसुदा बनवायचा, मग ज्यांनी मूळ टूल बघितलंच नाही अशा दोघांकडून ते परत इंग्रजीत करून घ्यायचं, समितीत बसून फरक बघायचे आणि शेवटी ३० ते ४० पेशंटवर वापरून बघायचं, प्रत्येक प्रश्न त्यांना काय समजला ते विचारायचं. खर्च फारसा नाही, वेळ मात्र लागतो, आणि झालं की महाराष्ट्रातल्या प्रत्येक ओटीला ते वर्षानुवर्षं वापरता येतं.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगते म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. स्वतःच्या प्रोजेक्टच्या वेळी १९ जणींची पकड मोजली. जामर डायनामोमीटरचं हँडल पाच जागी सरकतं. पहिल्या काही जणींना ते दोन नंबरच्या जागेवर ठेवून मोजलं, मध्ये कुणीतरी ते दुसऱ्या पेशंटसाठी हलवलं आणि मी न बघता पुढे मोजत गेले, फॉर्मवर हँडलची जागा लिहायला रकानाच नव्हता. ११ जणींचे आकडे टाकून द्यावे लागले, त्यातल्या दोघी तर लांबच्या गावावरून एसटीनं आल्या होत्या. म्हणून पद्धत तोंडपाठ करा: खुर्चीत बसवून, दंड अंगाजवळ, कोपर ९० अंशात, हँडल दोन नंबरच्या जागेवर, तीन वेळा दाबायला लावून सरासरी. आणि हे सगळं फॉर्मवर छापा, प्रत्येक वेळी टिक करा. पकड किती वाढली तर ती पेशंटला जाणवेल असं विचाराल तर साधारण ५ ते ६.५ किलो हा आकडा संशोधनातून येतो, अर्धा किलो वाढली म्हणून नाचू नका.

किती लोक लागतील

"मॅडम, ३० घेऊ का, सगळे ३० घेतात." नाही. जीपॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात काढा. अंदाज यावा म्हणून सांगते, एकाच गटाला आधी आणि नंतर मोजणार असाल आणि मध्यम फरक अपेक्षित असेल, म्हणजे इफेक्ट साइज (फरक किती मोठा याचं माप) ०.५, तर ८० टक्के पॉवरला, म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडायची शक्यता ८० टक्के हवी असेल तर, ३४ लोक लागतात. फरक मोठा असेल, ०.८, तर १५ मध्ये भागतं. पण दोन वेगळे गट करून मध्यम फरक शोधायचा तर प्रत्येक गटात ६४, म्हणजे १२८ माणसं, फायनल इयरच्या मुलीला ती एका वर्षात मिळत नाहीत. मग काय, प्रश्न लहान करा, आकडा मनानं लहान करू नका. आणि सोडून जाणारे धरा, ३४ हवे असतील तर ४० पासून सुरू करा, द्राक्षाचा हंगाम संपला की मजूर बायका गावी परत जातात, फॉलोअपला कुणी सापडत नाही.

माणसं खरंच कमी असतील तर सिंगल केस डिझाइन शिका. ओटीला ते इतकं साजेसं आहे आणि आपल्याकडे इतकं कमी वापरलं जातं. तीन-चार पेशंट घ्यायचे पण प्रत्येकाला खूप वेळा मोजायचं. उपचार सुरू करण्याआधी तीन तरी, जमलं तर पाच वेळा, मग उपचार चालू असताना परत तितक्याच वेळा, मग थांबवून, मग परत चालू करून. ग्राफवर टिंब टाकत जायचे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचं चमच्यानं जेवणं, ऑटिझमच्या मुलीचं दात घासणं, असल्या गोष्टी यात फार छान दिसतात. फक्त इथं खरी तयारी सुरुवातीच्या बेसलाइनमध्ये, म्हणजे उपचाराआधीच्या मोजणीत, लागते, पालकांना समजावून सांगावं लागतं की पहिले काही दिवस मी नुसतं मोजणार आहे.

एथिक्स कमिटी

एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात माणसांना इजा-अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी हातात आल्याशिवाय एकाही माणसाचं एकही माप घ्यायचं नाही. मंजुरी येईलच म्हणून आधी सुरू केलेलं काम नंतर कुठल्याच चांगल्या जर्नलमध्ये चालत नाही, आणि ते बरोबरही नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या गाइडलाइन वाचून काढा, जाड आहेत पण संमती आणि लहान मुलांचं प्रकरण तरी वाचाच. उपचार देऊन फरक बघणार असाल तर सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर नोंदणी करा, फुकट असते, पण पहिला पेशंट घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून तिथं मागाहून नोंद करताच येत नाही.

संमतीचा फॉर्म मराठीत म्हणजे बोलण्यातल्या मराठीत लिहा. "सदर अभ्यासात स्वेच्छेने सहभागी होण्यास माझी हरकत नाही" हे वाचून कुणाला काही कळत नाही. "तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील" असं लिहा. वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना बाहेरचा एक साक्षीदार हवा, तुमचा मित्र नको आणि मुकादम तर अजिबात नको. मुकादम समोर उभा असताना नाही म्हणायची तिची हिंमत होणार नाही. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची सही तर लागतेच पण सात वर्षांच्या पुढच्या मुलाला स्वतःलाही विचारायचं असतं.

बागेत, वस्तीवर, घरी जाताना

याचं पुस्तकात काही नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते. कामाच्या वेळेत बाईला बाजूला बोलावून अर्धा तास प्रश्न विचारले तर तिची मजुरी कापली जाऊ शकते. जेवणाच्या सुट्टीत जायचं तर तिची विश्रांती जाते. आधी बागमालकाशी बोला आणि मग बायकांशी वेगळं बोला, वेळ त्यांना ठरवू द्या, बऱ्याचदा त्या संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या असतात तो वेळ देतात. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका आपसात कोकणा बोलतात, शहरी मराठीतलं "तुम्हाला वेदना कितपत जाणवते" त्यांना परकं वाटतं, त्यांच्यातलीच शिकलेली एखादी मुलगी सोबत असली तर काम सोपं होतं, तिचे आभार पेपरमध्ये नक्की माना. ० ते १० ची दुखण्याची पट्टी कागदावर दाखवून सुद्धा कुणाकुणाला कळत नाही. मी दहा चिंचोके घेऊन जाते, जेवढं दुखतंय तेवढे उचला म्हणते, चटकन कळतं. पण असं काही बदललं तर सगळ्यांसाठी तेच वापरा आणि ते तसं लिहा.

त्याच दिवशी रात्री डेटा एक्सेलमध्ये भरा. नाव नाही, नंबर टाका, नावांची यादी वेगळ्या कुलुपात. रकाना रिकामा असेल तर शून्य टाकू नका, शून्य म्हणजे दुखत नाही आणि रिकामं म्हणजे विचारलंच नाही.

आकडेमोड

इथं मी थोडक्यातच बोलणार, कारण प्रश्न आणि माप बरोबर असेल तर हे सोपं आहे आणि नसेल तर कुठलाच स्टॅटिस्टिशियन वाचवू शकत नाही. स्टॅटिस्टिशियनकडे डेटा गोळा झाल्यावर नाही, आधी जा. एकाच गटाचं आधी-नंतर आणि आकडे नीट पसरलेले असतील तर पेअर्ड टी टेस्ट, नसतील किंवा रँकसारखे स्कोअर असतील तर विल्कॉक्सन. पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगानं दिसायची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आली की मुलं तिथंच थांबतात, पण लिहायला हवं ते हे की ३४ पैकी किती जणींना भाकरी यायला लागली. फरक आलाच नाही तर तसंच लिहा. निकाल नकारात्मक आला म्हणून रडणारी मुलगी मी बघितलीय, तिला जे सांगितलं तेच इथं सांगते, तुझ्यामुळे पुढच्या शंभर पेशंटचा सहा आठवड्यांचा उपयोग नसलेला व्यायाम वाचणार आहे.

मांडायचं कुठं

प्रोजेक्ट बाइंड करून कपाटात गेलं की संपलं असं समजू नका. असोसिएशनची वार्षिक राष्ट्रीय परिषद असते, ओटीकॉन, तिथं विद्यार्थ्यांचे पेपर आणि पोस्टर घेतात. राज्यात आविष्कार आहे, महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा, त्यात मेडिसिन-फार्मसीचा वेगळा गट असतो आणि पदवीच्या मुलांना पदव्युत्तरच्या मुलांशी भिडावं लागत नाही, त्यांची वेगळी पातळी असते. आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ ला स्थापन झालेलं, इथंच म्हसरूळला दिंडोरी रोडवर आहे, नाशिकच्या मुलांनी तर तिथली नोटीस बघायला आळस करूच नये. इंजिनिअरिंगची मुलं आविष्कारला झुंडीनं जातात, ओटीची मुलं अर्जच भरत नाहीत, हे मला खरंच खटकतं.

पोस्टरवर एकच गोष्ट सांगा. सगळा थीसिस बारीक अक्षरात चिकटवू नका. मध्यभागी मोठ्या अक्षरात तुम्हाला जे सापडलं ते एक वाक्य, एक ग्राफ, एक फोटो, चेहरा न दिसणारा, हाताचा, संमती घेतलेला. परीक्षक दोन मिनिटं थांबतात, त्या दोन मिनिटांत मावशींची भाकरी त्यांना दिसली पाहिजे.

पेपर छापताना जर्नल तपासा. ईमेलवर "डिअर एमिनंट रिसर्चर" म्हणून आलेलं, तीन दिवसांत छापून देतो आणि एवढे पैसे भरा म्हणणारं जर्नल नको. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे पैसे असे गेले, शिवाय तोच पेपर नंतर चांगल्या ठिकाणी देता आला नाही. पबमेडमध्ये किंवा इतर नावाजलेल्या इंडेक्समध्ये ते दिसतं का, संपादक कोण आहेत, आधीचे पेपर कसे आहेत, बघा. लेखकांची नावं कुणाची आणि कुठल्या क्रमानं हे काम सुरू करायच्या आधी गाइडसोबत बसून लिहून ठेवा. ज्यानं काम केलं, मसुदा लिहिला किंवा तपासला, शेवटचा मजकूर वाचून होकार दिला आणि जबाबदारी घेतली तो लेखक, नुसती खोली वापरायला दिली म्हणून कुणी लेखक होत नाही. हे बोलायला अवघड जातं मला माहीत आहे, पण आधी बोललेलं बरं.

कॉलेज निवडणारी बारावीची मुलं आणि त्यांचे पालकही मला विचारतात म्हणून जाता जाता, कॉलेज आपल्या डिपार्टमेंटच्या अचिव्हमेंट सांगतं तेव्हा बक्षिसांचे फोटो बघून हुरळून जाऊ नका. छापलेले पेपर शोधा, त्यात विद्यार्थ्यांची नावं आहेत का बघा, विषय पेशंटच्या आयुष्याशी लागतात का बघा, आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना विचारा की गाइड किती वेळ देतात.

आणि एक काम जे कुठल्याच सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्यात, लिहिलेलं नसतं. निकाल हातात आला की जिथून डेटा आणला तिथं परत जा. एका पानावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून न्या, नाहीतर तोंडी सांगा. बागेतल्या ज्या बायकांचं आम्ही खांद्याचं बघितलं होतं त्यांच्याकडे आम्ही मार्चमध्ये परत गेलो, काढणी चालू होती, कॅरेटवर बसूनच सांगितलं की दर अर्ध्या तासानं हात खाली सोडून खांदे फिरवा, उंची कमी असलेल्या बाईनं पाट नाहीतर पालथं कॅरेट घेऊन उभं राहावं म्हणजे हात कमी ताणावा लागतो. एकीनं तिथल्या तिथं कॅरेट पालथं केलं आणि त्यावर चढून घडाला हात लावून बघितला.